बाईंना येत नाही ती भाषा

माझ्या आईला शहराची भाषा येत नाही, असं तिच्या वर्गातली मुलं धरून चालत. आई दुसरीला मराठीतून शिकवायची, आणि शहराची भाषा तिला माझ्यापेक्षा चांगली यायची.

त्या शाळेची पद्धतच तशी आहे. प्रत्येक इयत्तेला शेजारी शेजारी दोन खोल्या, मधे एक दार. अलीकडच्या खोलीत मराठी, पलीकडच्या खोलीत शहराची भाषा. अर्धी मुलं सकाळी इकडे, अर्धी तिकडे, आणि जेवणाच्या सुट्टीनंतर अदलाबदल. काही मुलांच्या घरी मराठी बोलतात, काहींच्या घरी शहराची भाषा, म्हणून बाकावर जोड्या लावलेल्या असतात: एक या घरचं, एक त्या घरचं. इकडे एकानं दुसऱ्याला सांभाळून घ्यायचं, तिकडे गेलं की दुसऱ्यानं पहिल्याला. हे सगळं एका नियमावर उभं असतं. शिक्षकाला आपल्या खोलीची भाषा सोडून दुसरी येतच नाही, असं त्यानं वागायचं. बाईंना आपली सोपी भाषा कळते हे एकदा समजलं, की सात वर्षांचं मूल अवघड भाषेत कशाला बोलेल?

आई हे सोंग जीव ओतून वठवायची. मूल शहराच्या भाषेत काही बोललं की तिच्या चेहऱ्यावर असा काही बावळटपणा पसरायचा की पाहणाऱ्याला दया यावी. कानामागे हात धरायची, मग त्या मुलाच्या जोडीदाराकडे वळून म्हणायची, "काय म्हणतेय गं ही? सांग की जरा मला." शेजारच्या सरांचा निरोपसुद्धा ती मुलांकडून समजावून घ्यायची. एकदा भाजीच्या दुकानात आम्ही दोघी उभ्या होतो आणि तिची एक विद्यार्थिनी आईबापांबरोबर आत आली. त्या क्षणापासून आई मुकी झाली. टोमॅटोकडे बोट, बटाट्यांकडे बोट. सुट्टे पैसे मला मागावे लागले.

"आई, पुरे आता," मी दातओठ खात म्हटलं.

"गप गं. ती बघतेय."

मी तेव्हा चांगली नोकरी करणारी, केस पांढरे व्हायला लागलेली बाई होते.

आई गेली तेव्हा सत्र अर्धंच झालं होतं. आजारपण लांबलं नाही. थंडीच्या सुट्टीत तिला तपासायला नेलं, तपासण्यांवर तपासण्या झाल्या, आणि झाडांना पालवी फुटायच्या आत सगळं आटोपलं. कपाटातलं तिचं सामान घेऊन जायला मी शाळेत गेले, तेव्हा मुख्याध्यापिकांनी, ज्यांना मुलं मोठ्या बाई म्हणतात, मला त्यांच्या खोलीत बसवलं. त्यांना मराठी येत नाही. आम्ही शहराच्या भाषेत बोललो.

"मराठीच्या खोलीला माणूस मिळत नाहीये," त्या म्हणाल्या. "मुलं सध्या दिवसभर सरांकडे कोंबली आहेत. तुम्ही शिक्षणशास्त्र केलंय ना? तुमच्या आई सांगायच्या."

केलं होतं, कधीकाळी. नंतर मी पुस्तकांच्या भाषांतरांवरून हात फिरवायच्या नोकरीला लागले आणि पदवी ट्रंकेत गेली.

"महिनाभर सांभाळा," त्या म्हणाल्या. "महिन्यानं मी येऊन एक तास वर्गात बसेन. मुलं मराठीत बोलताना दिसली, तर खोली चालू ठेवायला मी वरच्यांशी भांडेन. नाही दिसली, तर दार उघडून दोन्ही खोल्या सरांच्या करायच्या. मग ती पुन्हा मराठीची होणार नाही, हे मी तुम्हाला आत्ताच सांगते."

मी हो म्हटलं. मराठी हे माझ्या पोटापाण्याचं काम. आयुष्यभर मी मराठीच वाचत आले आहे. आईची खोली सांभाळायला माझ्याइतकं लायक कोण, असं मला मनातून वाटलं, हे इथे सांगून टाकते.

पहिल्या दिवशी मुलं शहाण्यासारखी बसली होती. भिंतीवर आईच्या अक्षरातल्या पट्ट्या होत्या: "मला वाटतं की...", "मला हे पटत नाही, कारण...", "पुन्हा सांगशील का?". पुढच्या बाकावर दोघी मुली. एकीला आईनं नाव ठेवलं होतं वकीलबाई. ती मुलगी श्वास घ्यायलासुद्धा कारण विचारील. तिच्या घरी मराठीचा शब्द नाही. जेवढी येते तेवढी आईनं दिलेली. तिच्या शेजारी तिची जोडीदार, पेंगूळ. हिच्या घरी मराठीच बोलतात, पण डोळे उघडे ठेवायचाच हिला कंटाळा, तोंड उघडायची गोष्ट लांब. घरी आई या दोघींच्या गोष्टी सांगायची, म्हणून मी त्यांना लगेच ओळखलं.

वकीलबाईनं हात वर केला. "आमच्या बाई कधी येणार?"

मला वाटलं होतं घरोघर सांगून झालं असेल. मी मुलांच्या चेहऱ्यांवरून नजर फिरवली. काहींना माहीत होतं आणि ती बाकाकडे बघत होती. काहींना नव्हतं.

आणि मी सांगितलं. शहराच्या भाषेत.

का, हे मला नंतर कळलं. ते वाक्य मी त्या दिवसांत दवाखान्यात, कचेऱ्यांत, बँकेत, आईचा फोन बंद करून घेताना, सगळीकडे शहराच्या भाषेत म्हटलं होतं. पुन्हा पुन्हा म्हणून ते गुळगुळीत झालं होतं. मराठीत ते मी कुणालाच म्हटलं नव्हतं. मावशीचा फोन आला तेव्हा तिनंच विचारलं, "झालं का गं?" आणि मी "हो" एवढंच म्हणाले. मराठीत ते वाक्य माझ्याजवळ तयारच नव्हतं. ते मला तिथे, सगळ्यांसमोर, पहिल्यांदा जुळवावं लागलं असतं. माझ्यानं झालं नाही.

मुलांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली, शहराच्या भाषेत. दुखलं का त्यांना? डोळे मिटले होते का? आता त्यांचा चष्मा कोण घालणार? मी एकेकाला नीट उत्तर दिलं, त्याच भाषेत. दोघं-तिघं रडली, त्यांना जवळ घेतलं. पेंगूळसुद्धा जागी होती. घरी जाताना मला बऱ्याच दिवसांनी हलकं वाटलं. किती मोकळेपणानं बोललो आम्ही, असं वाटलं. नियम मला माहीत होता. तो मी मोडला हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळा वर्ग शहराच्या भाषेत बोलत होता.

"मराठीत सांगा," मी म्हटलं.

"का?" वकीलबाईनं विचारलं. तेही शहराच्या भाषेत.

"कारण मला ती भाषा समजत नाही."

वर्ग खो खो हसला. त्यात दुष्टपणा नव्हता. मी काहीतरी विनोद केला असंच त्यांना वाटलं.

"काल तर तुम्ही भरभर बोलत होता," वकीलबाई म्हणाली. मग, मला बरं वाटावं म्हणून असेल, तिनं जोडून दिलं, "छान बोलता तुम्ही."

पुढचे दिवस कसे गेले ते थोडक्यात सांगते, कारण ते आठवलं की अजून माझे कान तापतात. मी रागावून पाहिलं. मुलांनी बोलणंच बंद केलं. मग मी स्टिकर आणले: मराठी वाक्याला एक स्टिकर. पहिल्याच तासाला एक मुलगा टेबलाशी आला आणि "पाणी. दार. बाई. पुस्तक. चार द्या," म्हणून हात पुढे करून उभा राहिला. बाकीचे रांग लावायला लागले. स्टिकर संपले तसं मराठीही संपलं.

शिवाय माझं मराठी. मी म्हणायचे, "आता आपण आपली निरीक्षणं नोंदवूया," आणि मुलं पेंगूळकडे बघायची, पेंगूळ माझ्याकडे बघायची. तिच्या घरी मराठी बोलतात, तरी तिलाही कळायचं नाही. शेवटी तिनं एकदा जांभई देत मला विचारलं, "बाई, तुम्ही बातम्यांमध्ये होतात का?"

शेजारच्या खोलीतले सर आणि आई जेवणाच्या सुट्टीत सामानाच्या खोलीत दार लावून डबा खायचे, कारण सरांना मराठी चांगलं येतं आणि तेही मुलांपासून लपवायचं असतं. आता त्या खोलीत मी त्यांच्यासमोर बसायचे, खडूंची खोकी आणि गुंडाळलेले नकाशे यांच्यामधे.

"ताई होत्या तेव्हा माझ्या वाटणीच्या तासाला मुलं दमलेली यायची," सर म्हणाले. "बोलून बोलून. हल्ली ताजीतवानी येतात."

"टोमणा आहे का?"

"नाही हो. म्हणजे, आहे." त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "पहिल्या दिवशी काय झालं ते मला भिंतीपलीकडून ऐकू आलं. मी तुम्हाला दोष देत नाही. माझी आई गेली तेव्हा मी आठवडाभर अंथरुणातून उठलो नव्हतो. पण सांगतो, आता हे दुरुस्त करणं अवघड आहे. एकदा मुखवटा काढला की..."

"मी मोठ्या बाईंना सांगू का? की माझ्याच्यानं होत नाही?"

"सांगा. दार तर तसंही उघडणारच आहे." त्यांच्या आवाजात राग नव्हता, म्हणून जास्त लागलं. मग म्हणाले, "ताईंनी ती खोली किती भांडून मिळवली होती, माहीत आहे ना? आधी तिथे मोडकी बाकं ठेवायचे."

मला माहीत नव्हतं. आई घरी मुलांच्या गमती सांगायची. भांडणांचं कधी सांगितलं नाही, किंवा सांगितलं असेल आणि मी हातातल्या पुस्तकातून डोकं वर काढलं नसेल.

मी मोठ्या बाईंना काही सांगितलं नाही. मी त्याहून वाईट केलं. तपासणीला आठवडा उरला तेव्हा मी मुलांची तालीम घेतली.

धडा होता, कशात जास्त पाणी मावतं. उंच निमुळती बाटली आणि पसरट भांडं. मुलांनी आधी अंदाज करायचा, मग पेल्यानं पाणी ओतून मोजायचं. मी प्रत्येकाला त्याचं वाक्य वाटून दिलं. "मला वाटतं की बाटलीत जास्त पाणी मावेल, कारण ती उंच आहे." "मला हे पटत नाही, कारण भांडं रुंद आहे." रोज सकाळी म्हणून घेतलं. कुणाचं चुकलं तर पुन्हा. पाणी कुणी ओतलंच नाही. नुसती रिकामी भांडी समोर ठेवून मुलं घडाघड बोलायची. आईच्या पट्ट्यांवरचं वाक्य मुलाच्या तोंडून असं सपाट आवाजात आलं, की मला त्या भिंतीकडे बघवायचं नाही.

"पण मला वाटत नाही बाटलीत जास्त मावेल," वकीलबाई एकदा म्हणाली, शहराच्या भाषेत. "भांड्यात जास्त मावेल. मग मी तसं का म्हणू?"

"मोठ्या बाई येणार आहेत, म्हणून," मी म्हणाले. मीही त्याच भाषेत. एव्हाना मी सोडूनच दिलं होतं.

ती माझ्याकडे बघत राहिली. "त्यांना तर मराठी येत नाही."

"म्हणूनच चालेल."

हे मी एका सात वर्षांच्या मुलीला म्हणाले.

मोठ्या बाई आल्या आणि मागे, लहान खुर्चीवर, गुडघे आवळून बसल्या. मुलांनी सुरुवात केली. पहिलं वाक्य ठीक झालं. दुसरं ठीक झालं. तिसऱ्या मुलाला त्याचं वाक्य आठवेना आणि तो चौथ्याचं म्हणाला, त्यामुळे चौथ्याला म्हणायला काही उरलं नाही आणि तो रडकुंडीला आला. मी घाईनं भांड्यात पाणी ओतायला घेतलं. पेला, पेला, आणखी पेला. तालमीत आम्ही पाणी कधी वापरलंच नव्हतं, त्यामुळे टेबल एका बाजूला उतरतं आहे हे मला ठाऊक नव्हतं. भांडं सरकलं, कडेवरून कलंडलं आणि पाणी धो धो करत खाली, थेट मोठ्या बाईंच्या बुटांपर्यंत.

त्या उठल्या. "पुसायला काही आहे का?" त्यांनी मला शहराच्या भाषेत विचारलं.

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं. शब्द जिभेवर होता. तेवढ्यात वकीलबाई बाक ढकलून उभी राहिली, आणि मोठ्या बाईंना त्यांच्याच भाषेत, अगदी गंभीरपणे म्हणाली, "बाईंना तुमची भाषा येत नाही. थांबा, मी विचारते." मग माझ्याकडे वळून मराठीत, "बाई, मोठ्या बाई फडकं मागतायत."

मी तिच्याकडे बघत राहिले.

"फडकं, बाई! पुसायला! त्यांचे बूट ओले झाले."

"कपाटात," मी म्हणाले. "खालच्या कप्प्यात."

"कपाटात आहे, खालच्या कप्प्यात," तिनं मोठ्या बाईंना शहराच्या भाषेत समजावून सांगितलं. पेंगूळ उठली होती. पेंगूळ! तिनं फडकं आणलं आणि खाली बसून पुसताना म्हणाली, "एवढुसं भांडं, आणि पाणी बघा किती. अख्खी खोली भिजवली."

"मी म्हटलं होतं ना!" वकीलबाई मराठीत ओरडली. "भांड्यातच जास्त मावतं! मला ते वाक्य म्हणायचंच नव्हतं!"

"अजून बाटली कुठे भरली? बाटली भर आधी," मागून कुणीतरी म्हणालं.

"तू भर. तू उंच आहेस."

"बाटली उंच आहे, मी उंच असून काय?"

मग जे सुरू झालं त्यातलं एकही वाक्य मी दिलेलं नव्हतं. मुलं टेबलाभोवती गोळा झाली. कुणी पेला धरला, कुणी मोजायला लागलं, कुणी म्हणालं हा पेला अर्धाच होता, धरू नका. क्रियापदं वाकडी, लिंगं उलटी, पण सगळं मराठी, एकमेकांच्या अंगावर पडणारं, भांडणारं. मोठ्या बाईंनी मला आणखी दोनदा काही विचारलं. दोन्ही वेळा वकीलबाई मधे पडली आणि मला समजावून सांगितलं, सावकाश, मोठ्या आवाजात, बहिऱ्या माणसाशी बोलावं तसं. दोन्ही वेळा मी मान डोलावली. मोठ्या बाईंना माझी शहराची भाषा कशी आहे हे नेमकं ठाऊक होतं. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते, हसू दाबायला की आणखी कशाला, मला कळलं नाही.

त्या गेल्या. दार लागलं. वकीलबाई लगेच शहराच्या भाषेत म्हणाली, "झालं ना? बरोबर केलं ना आम्ही?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तिच्या बाकाशी खाली बसले.

"तू असं का सांगितलंस त्यांना? मला येते, तुला माहीत आहे."

"बाईंना पण येत होती," ती म्हणाली.

"कुणाला?"

"आमच्या बाईंना. आम्हाला सुरुवातीपासून माहीत होतं. सगळ्यांना." ती पेंगूळकडे वळली. "होतं ना गं?"

पेंगूळनं मान डोलावली. "फोनवर बोलायच्या. आम्ही डबा विसरलो होतो म्हणून परत आलो, तेव्हा दवाखान्यातल्या बाईशी बोलत होत्या. इथे दुखतं, असं सांगत होत्या." तिनं स्वतःच्या बरगड्यांखाली हात ठेवून दाखवला. "आम्ही दाराशीच थांबलो. मग परत गेलो."

"हे कधी?"

त्यांना महिने नीट सांगता येईनात. त्यांनी आठवून आठवून सांगितलं की तेव्हा कोट घालायला लागायचा नाही, मैदानावरच्या झाडाला पानं होती, आणि वकीलबाईचा पुढचा दात नुकताच पडला होता. आता तिथे नवा दात पूर्ण आलेला होता. आई मला सुट्टीत म्हणाली होती, जरा पोट दुखतंय, दोन दिवस झाले.

मी विचारलं, "मग तुम्ही त्यांना कधी म्हणाला नाहीत? की तुम्हाला कळलंय म्हणून?"

वकीलबाईनं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काही न शिकलेली. "कशाला? त्या किती मेहनत करायच्या. असं कान धरून." तिनं करून दाखवलं, कानामागे हात, डोळे बारीक. हुबेहूब. मला दुसरीकडे बघावं लागलं. "आम्ही सांगितलं असतं तर त्यांना वाईट वाटलं असतं."

इतके दिवस मी समजत होते की माझ्या चुकीनं मुलांचा भ्रम तुटला. भ्रम नव्हताच. ती मुलं माझ्या आईचा मान राखत होती, रोज, अख्खा अर्धा दिवस. मी आले आणि पहिल्याच सकाळी त्यांना कळलं की या बाईंसाठी काही राखायची गरज नाही.

शाळा सुटल्यावर मी मोठ्या बाईंच्या खोलीत गेले. त्यांचे बूट खिडकीत वाळत होते आणि त्या नुसते मोजे घालून बसल्या होत्या.

"छान झालं," त्या म्हणाल्या. "शब्द कळले नाहीत, पण कोण बोलतंय ते दिसत होतं. तुमच्या आईच्या तासाला असाच गोंधळ असायचा. मी तसं लिहिते आहे."

"सुरुवातीची वाक्यं मी पाठ करून घेतली होती," मी म्हणाले. "आणि महिनाभर मुलं वर्गात मराठी बोललेली नाहीत. माझ्यामुळे. आज बोलली ती मला सांभाळून घ्यायला."

त्यांनी पेन खाली ठेवलं. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"हे मला कळलं नसतं तर बरं होतं," त्या म्हणाल्या. "आता मला ते माहीत आहे."

"हो."

"तालीम. सात वर्षांच्या मुलांकडून." त्यांनी मान हलवली. "तुमच्या आईंनी कधी केलं नसतं."

"नसतं केलं."

"मी आज काही लिहीत नाही. वर्षाच्या शेवटापर्यंत मी कधीही येईन. न सांगता. दार ढकलेन आणि उभी राहीन. जे दिसेल ते लिहीन." पेन पुन्हा उचलत त्या म्हणाल्या, "आणि ते टेबल बदलून घ्या."

घरी गेल्यावर मी मावशीला फोन केला. ती मला घरातल्या नावानं हाक मारते, त्या नावानं हाक मारणारी आता ती एकटीच.

"काय गं, आवाज असा का?"

"मावशी, आईला आधीपासून दुखत होतं. पानं गळायच्या आधीपासून. तिनं मला सांगितलं नाही."

मावशी म्हणाली, "मला म्हणाली होती. तुझं पुस्तकाचं काम चालू होतं ना तेव्हा. म्हणाली, तिचं होऊ दे, मग बघू." आणि मग, "तू आता जिवाला लावून घेऊ नकोस. ती तशीच होती."

"मावशी, आई गेली," मी म्हणाले.

"हो गं बाळा." तिला वाटलं असेल माझं डोकं फिरलं. "माहीत आहे मला."

"आई गेली," मी पुन्हा म्हणाले. मराठीत वाक्य छोटंसं होतं. मावशी पलीकडे रडायला लागली आणि मग मीही.

दुसऱ्या दिवशी मी टेबल बदलून घेतलं आणि घंटेची वाट बघत दारात उभी राहिले. मुलं दप्तरं आपटत, एकमेकांना ढकलत आत आली. सगळी शहराच्या भाषेत. वकीलबाई माझ्यासमोर येऊन थांबली आणि त्याच भाषेत सरळ विचारलं, "आज मोठ्या बाई येणार आहेत? म्हणजे कालच्यासारखं करायचं, की नेहमीसारखं?"

शब्दन् शब्द मला कळला होता. तिलाही ते माहीत होतं. मागची मुलं थांबून बघत होती.

मी कानामागे हात नेला. तो हात आईचा वाटला आणि मला लाज वाटली, म्हणून मी तो खाली घेतला आणि नुसतीच पेंगूळकडे वळले. मला सोंग जमत नाही. चेहरा लाल झालेला मलाच जाणवत होता.

"काय म्हणतेय गं ही?" मी विचारलं. "मला कळलं नाही."

कुणी हसलं नाही. वकीलबाई डोळे बारीक करून माझं तोंड न्याहाळत होती, खोटं नाणं पारखावं तसं. पेंगूळनं सुस्कारा टाकला, दप्तर खाली ठेवलं आणि जोडीदारणीकडे पाहिलं. वकीलबाईनं जरा वेळ घेतला. मग खांदे उडवले: सांग.

"ती विचारतेय, आज कसं करायचं," पेंगूळ म्हणाली.

"तिला सांग," मी म्हणाले, "की मला येत नाही, तर तिनंच मला विचारावं. सावकाश विचार म्हणावं."

पेंगूळ शहराच्या भाषेत काही म्हणाली. वकीलबाईनं ओठ चावला. मराठी शब्द गोळा करायला तिला वेळ लागत होता, आणि मागे मुलं दारात खोळंबली होती. मी दार अडवून तिची वाट बघत उभी राहिले.